कंस न लावलेलं काम

प्रोग्रॅमिंग शिकताना एका जागी बरेच जण अडखळतात. फंक्शनच्या नावापुढे कंस लावले की ते तिथल्या तिथे चालतं आणि आपल्या हाती त्याचं उत्तर येतं. कंस न लावता नुसतं नाव दुसऱ्या फंक्शनला दिलं, तर उत्तर जात नाही, ते कामच त्याच्या हवाली होतं. ते कधी करायचं, किती वेळा करायचं, हे मग तो दुसरा ठरवतो.

सी भाषेतलं क्यूसॉर्ट घ्या. ते आकडे, नावं, काहीही क्रमाने लावतं, कारण आपण काय लावतोय हे त्याला ठाऊकच नसतं. त्याचं चौथं आर्ग्युमेंट म्हणजे आपण लिहिलेलं तुलनेचं फंक्शन. क्यूसॉर्ट त्याला दोन-दोन वस्तू दाखवून एकच प्रश्न विचारत राहतं : यातली आधी कुठली? वस्तूंबद्दल जे काही मत असतं, ते या छोट्या फंक्शनमध्ये असतं.

असंच एक फंक्शन मी पायथॉनमध्ये लिहिलं होतं, नोकरीच्या अर्जांसाठी. मार्क, अनुभव यांचे गुण द्यायचे आणि शिक्षणात गॅप असेल तर दर वर्षामागे गुण कापायचे. मला सांगितलं तसं पाच ओळींत लिहिलं, टेस्ट केलं आणि विसरलो. एचआरची माणसं यादीतले पहिले पन्नास अर्ज उघडायची.

काही महिन्यांनी मामेबहीण म्हणाली, "दादा, तुमच्याकडे अर्ज टाकला होता रे, साधं उत्तरही आलं नाही." मामी आजारी असताना ही दोन वर्षं कॉलेज सोडून घरी होती. तिचा अर्ज कितवा होता, ते मी पाहिलं नाही. पाहायचा धीर झाला नाही.

मग तिला डावललं कुणी? सॉर्ट करणाऱ्या फंक्शनला गॅप म्हणजे काय, हेच माहीत नाही. एचआर म्हणणार, आम्ही फक्त वरचे पन्नास पाहिले. मी म्हणणार, मी कुणाला नाकारलं नाही, फक्त एका अर्जाला गुण कसे द्यायचे ते लिहिलं. प्रत्येकाचं म्हणणं खरं आहे आणि तरीही ती यादीत खाली गेली.

माझ्याकडे आणखी एक सबब होती. मलाही कुणीतरी नियम दिला होता. म्हणजे मीसुद्धा कुणीतरी पुढे केलेलं फंक्शनच नाही का? यावर मी बरेच दिवस विचार केला. फंक्शनला आपल्याला कशासाठी बोलावलंय, हे विचारता येत नाही. मला येत होतं. मी विचारलं नाही, एवढाच फरक, पण तो माझ्या बाजूने पडत नाही.

परवा मीटिंगमध्ये विचारलं, गॅपचे गुण का कापतो? "क्लायंटने सांगितलंय." क्लायंटला कुणी सांगितलं, ते तिथे कुणालाच माहीत नव्हतं. आता विचारून सांगणार आहेत. तोवर नियम आहे तसाच आहे.

गिटमध्ये 'ब्लेम' नावाची कमांड आहे. कुठली ओळ शेवटी कुणी आणि कधी बदलली, ते ती दाखवते. त्या पाचही ओळींपुढे माझं नाव येतं.