आधीं भाकर, मग बोध
(वाचन : १ राजे १९:१-१८)



कर्मेल डोंगरावर बआलाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला एलीया ईजबेलीचा निरोप येतांच जीव घेऊन पळतो, आणि रानांत रतामाच्या झुडपाखालीं बसून देवाजवळ मरण मागतो. एवढ्या मोठ्या संदेष्ट्याचें मन असें कसें खचलें, असें पुष्कळजण विचारतात. आम्ही आज निराळा प्रश्न विचारूं : त्या वेळीं देवानें काय केलें?

देवानें त्यास दटाविलें नाहीं. तुझा विश्वास कोठें गेला, असेंही विचारिलें नाहीं. त्यानें त्यास निजूं दिलें. मग दूताकडून उठवून भाकर व पाणी दिलें. पुनः निजूं दिलें, आणि पुनः जेवूं घातलें. होरेबावर त्याचें गाऱ्हाणें एकदां नव्हे, दोनदां ऐकून घेतलें. शेवटीं त्यास काम दिलें, आणि अलीशा हा सोबती दिला. झोंप, अन्न, ऐकून घेणें, काम आणि सोबत, हा क्रम देवाचा आहे. आमचा क्रम बहुधा उलटा असतो. आम्ही आधीं बोध करितों, आणि भाकर विसरतों.

आतां आपल्या गांवांकडे पाहूं. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात. कांहीं लेकरें आईबापांबरोबर फडावर कोपींत राहतात, कांहीं गांवीं आजीजवळ राहतात. दोन्ही ठिकाणीं त्यांच्या मनावर ओझें पडतें. शब्बाथशाळेंत मोठ्यानें गाणारा मुलगा अबोल होतो, पोट दुखतें म्हणून शाळा चुकवितो, रात्रीं दचकून उठतो, अंथरूण ओलें करितो. घरचे म्हणतात, सोंग करितो. शेजारी म्हणतात, बाहेरचें लागलें. आणि मंडळींतील कोणी म्हणतो, घरांत प्रार्थना कमी पडली. मग त्यास मार बसतो, किंवा गुपचूप देवऋष्याकडे नेतात. दुखणें तसेंच राहतें. भर पडते ती लाजेची.

उपदेशक बंधूंनो, एली याजकाची गोष्ट ध्यानांत ठेवा. हन्ना दुःखानें ओठ हालवीत होती, आणि त्यास ती मद्य प्यालेली वाटली. परंतु ती बोलली तेव्हां त्यानें ऐकून घेतलें, आणि ती शांतीनें घरीं जाऊन जेवली. ऐकून घेण्यापूर्वीं निवाडा करूं नये, हा त्यांतील धडा.

कोणी म्हणेल, मार्काच्या नवव्या अध्यायांतील मुलास तर अशुद्ध आत्मा लागला होता. होय, परंतु तेथेंही प्रभूनें आधीं बापास विचारिलें कीं, हें किती दिवसांपासून आहे. त्यानें बापास वा लेकरास दोष दिला नाहीं. शिवाय मत्तय ४:२४ मध्यें भूतग्रस्त निराळे आणि फेफरेकरी निराळे सांगितले आहेत. प्रत्येक दुखणें भुताचें, असें शास्त्र म्हणत नाहीं. प्रौढांच्या मनोविकारांपैकीं सुमारें अर्ध्यांचा आरंभ वयाच्या १८ वर्षांच्या आंत होतो, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून लहानपणींच लक्ष द्यावें.

तर काय करावें? बापांनो, कलस्सै ३:२१ वाचा, आणि दारू व मार घराबाहेर ठेवा. लेकरास रोज थोडा वेळ जवळ घेऊन ऐका. फडावर असाल तर फोनवरून ऐका. मंडळीनें आजीच्या दारीं जावें, आणि ज्या घरीं चूल पेटली नाहीं तेथें आधीं धान्य पोंचवावें. दुखणें दोन आठवडे हटलें नाहीं तर सरकारी दवाखान्यांत दाखवावें. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मनाच्या दुखण्याविषयीं फोनवर मोफत सल्ला मिळतो. मराठींतही बोलतां येतें. लेकरावर अत्याचार होत असेल तर १०९८ वर कळवावें. औषध घेणें हें अविश्वासाचें चिन्ह नव्हे. लूकही वैद्यच होता.

आणि कोणी एलीयाप्रमाणें मरणाची भाषा बोलूं लागला, तर त्यास हंसूं नका, एकटें सोडूं नका. मनांत काय आहे तें सरळ व प्रेमानें विचारा. विचारल्यानें तो विचार मनांत भरत नाहीं, उलट ओझें हलकें होतें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें जीव देऊं पाहणाऱ्यास गुन्हेगार न मानतां तीव्र तणावांत असलेला समजावें, आणि सरकारनें त्याची काळजी घ्यावी, असें ठरविलें आहे. देशाचा कायदा दया करितो, आणि ख्रिस्ताची मंडळी दगड उचलिते, असें आपल्यांत न होवो.

येत्या प्रभुवारीं उपासना संपल्यावर प्रत्येकानें आपल्या वस्तींतील एका घरीं जावें. जातांना बोध घेऊन जाऊं नये. भाकर घेऊन जावें, आणि बसून ऐकावें. ज्यानें लेकरांस जवळ घेऊन आशीर्वाद दिला, तो प्रभु तुमच्या घरांस शांती देवो. आमेन.