दलदलीतल्या सरळ रेषा

1728 साली व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्यातली सीमा आखायची होती. मोजणीदार ग्रेट डिस्मल स्वॅम्पच्या चिखलात उतरले. मोहिमेचे एक प्रमुख विल्यम बर्ड मात्र दलदलीला वळसा घालून कोरड्या वाटेने पुढे गेले. ती सीमारेषा अमेरिकन भूसर्वेक्षण खात्याच्या जुन्या स्थलनिर्देशक नकाशांवर आजही सरळसोट दिसते. दलदलीत उतरणारा एक आणि मालकी सांगणारा दुसरा, हा प्रकार पुढेही चालू राहिला.

1763 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन आणि त्यांचे भागीदार इथे आले ते पाणी काढून शेती करायला. शेती फसली, मग मोर्चा लाकडाकडे वळला. चर खणले ते गुलामांनी. 1805 मध्ये खुला झालेला कालवाही त्यांच्याच हातचा. नंतर लाकूड कंपन्यांनी रूळ टाकले आणि सायप्रस, पांढरा सीडर असं लाकूड बाहेर नेलं.

नकाशावर हे सगळं नीट वाचता येतं. समोच्च रेषा जेमतेम, कारण जमीन सपाट. पाणथळ दाखवणाऱ्या निळ्या खुणा पसरलेल्या आणि त्यांना छेदत पट्टीने ओढल्यासारखे चर. माझ्या मते हा भूगोलापेक्षा हिशेबाचा कागद जास्त आहे: काय न्यायचं आणि कुठून न्यायचं, एवढंच त्याला ठाऊक.

नकाशावर नाहीत ती माणसं. गुलामीतून पळालेले लोक पिढ्यान् पिढ्या याच दलदलीतल्या उंचवट्यांवर राहिले. पुरातत्त्वज्ञ डॅनियल सेयर्स यांच्या उत्खननात त्यांच्या वस्तीच्या खुणा सापडल्या. असे लहान उंचवटे समोच्च रेषांच्या चाळणीतून सहज निसटतात. पण त्या माणसांच्या दृष्टीने कुठल्याच कागदावर न येणं हीच सुरक्षितता होती. म्हणून नकाशातल्या उणिवेबद्दल सरसकट हळहळणं मला पटत नाही.

चरांनी मात्र आपलं काम चोख केलं. पाणी उतरलं, पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, माती वाळली आणि पेट घेऊ लागली. 2011 मध्ये वीज पडून लागलेली आग तीन महिन्यांहून अधिक काळ धुमसत होती. अशा आगीत झाडांबरोबर जमीनही जळते, म्हणजे जुन्या नकाशावरची उंचीसुद्धा खरी राहत नाही. 1974 पासून हा भाग वन्यजीव आश्रयस्थान आहे आणि तिथले कर्मचारी त्याच चरांवर दारं बसवून पाणी अडवतात.

भूसर्वेक्षण खात्याचे असे जुने नकाशे इंटरनेटवर फुकट मिळतात. जरूर उघडा, फक्त देखणा जुना कागद म्हणून भिंतीवर टांगण्याआधी त्यातल्या सरळ रेषा कुणी कुणाकडून खणून घेतल्या, ते विचारा.