डिसेंबरातलं माहेर

खान्देशात घरी परतण्याचा मान पूर्वापार आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. वैशाखात शेतं मोकळी झालेली असत, धान्य घरात आलेलं असे, सालदारांचं जुनं वर्ष संपून नवं ठरत असे. मग मुऱ्हाळी निघायचा आणि लेकीला घेऊन यायचा. झाडांना झोके बांधले जायचे, गौराईची गाणी व्हायची, सांजोऱ्या तळल्या जायच्या. घरी यायचं ते लेकीनं. मुलाला कुठून परत यायचंच नसे, तो घरीच असे.

नशिराबादच्या बाबतीत हे अगदी शब्दशः खरं होतं. गाव जळगाव आणि भुसावळच्या मधलं. एकीकडे जळगावची बाजारपेठ आणि तेव्हाची खान्देश मिल, दुसरीकडे भुसावळची रेल्वे. गावाला लागून जुना सुरत-कलकत्ता रस्ता, आणि चालत जाता येईल इतक्या अंतरावर भादली स्टेशन. ५ मे १९१८ रोजी बालकवी ठोमरे याच भादलीला रेल्वेगाडीखाली गेले, म्हणून मराठी वाचकांना ते नाव ठाऊक आहे. गावाला मात्र भादली रोजच्या ये-जा करण्यासाठी लागे. सकाळी डबा घेऊन निघालेला माणूस दिवेलागणीला ओट्यावर परत आलेला असायचा. नोकरी आणि घर यांत तेव्हा फूट पडलेली नव्हती.

ती पुढच्या पिढ्यांत पडली. मुलं शिकायला पुण्या-मुंबईला गेली आणि तिथेच राहिली, काही सुरतेला स्थिरावली, काही परदेशी गेली. आता मुलगाही वर्षातून एकदा घरी येतो, तोही डिसेंबरात. त्याची कारणं साधी आहेत. आखाजीच्या सुमाराला इथला पारा पंचेचाळिशीला टेकतो, शहरातल्या नातवंडांना तो सोसत नाही. परदेशातल्या शाळांना सुटी नाताळची. कंपनीतली उरलेली रजाही वर्ष संपण्याआधीच घ्यावी लागते. म्हणून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून मनमाडमार्गे येणाऱ्या गाड्या भरून येतात आणि महामार्गावरच्या टोलनाक्यातून पुण्या-मुंबईच्या गाड्या गावाकडे वळतात. वर्षभर बंद असलेल्या खोल्या झाडल्या जातात.

हे दिवस सुंदर असतात आणि मला ते फार प्रिय आहेत. हा भरिताचा महिना. चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात येतं आणि मग शेताशेतांतून धूर निघू लागतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. पण नशिराबादकराला त्यासाठी दाखल्याची गरज कधीच नव्हती. हिरवट पांढरी, मोठाली, कमी बियांची वांगी काड्यांच्या जाळावर भाजायची, सोलून लाकडी बडगीत ठेचायची, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे घालायचे आणि कळण्याच्या भाकरीबरोबर केळीच्या पानावर जेवायचं. अमेरिकेत वाढलेली भाचरंही तिथे मांडी घालून बसतात आणि दुसऱ्यांदा वाढून घेतात.

पण आखाजीचं घरी येणं आणि डिसेंबरातलं घरी येणं यांत एक फरक आहे, आणि त्याकडे आपण बघत नाही. आखाजीला घर लेकीसाठी उघडत असे. डिसेंबरात ते लेकासाठी उघडतं. पुण्याहून निघालेलं कुटुंब ‘आपल्या घरी’ म्हणून येतं ते नवऱ्याच्या घरी. सुनेचं माहेर फैजपूरला किंवा सावद्याला असेल, तर त्याच्या वाट्याला एक दुपार येते, तीही परतीच्या सामानाची बांधाबांध चाललेली असताना. आणि जी भावजय वर्षभर गावातच राहते, सासू-सासऱ्यांची औषधं, दवाखाना, गुरं, मजूर सगळं बघते, तिला या पंधरा दिवसांत माहेर अजिबातच नाही. सगळ्यांचं घरपण तिच्या चुलीवर चालतं. नणंद येते ती ‘भेटायला’. सगळे जमलेत तर तीही येऊन जाते.

सगळी भावंडं वर्षातून एकदाच एका छताखाली येतात, म्हणून कागदपत्रांची कामंही याच दिवसांत निघतात. वडील गेल्यानंतरची वारसनोंद, फेरफार, सातबारा, आठ-अ. आणि एका रात्री जेवणं झाल्यावर भाऊ म्हणतो, “ताई, उद्या जळगावला जाऊन येऊ. फक्त सही करायची आहे, बाकी सगळं वकिलांनी बघितलंय.” ती सही हक्कसोडपत्रावरची असते.

१९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मुलीला वडिलांच्या स्वतःच्या हिश्शात वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्मानं सहहिस्सेदार मानलं नाही. महाराष्ट्रानं १९९४ साली दुरुस्ती करून ती जागा मुलीला दिली, मात्र त्याआधी लग्न झालेल्या लेकी बाहेरच राहिल्या. ९ सप्टेंबर २००५पासून देशभरातल्या हिंदू लेकींना हा हक्क मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. वडील २००५पूर्वीच वारले असतील तर काय, हा घोळ पुढे पंधरा वर्षं चालला. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला. हक्क जन्मानं मिळतो, त्यासाठी वडील २००५ साली हयात असण्याची अट नाही. गावातल्या मुस्लिम घरांचा कायदा वेगळा. तिथे मुलीला मुलाच्या निम्मा वाटा शरियतनं आधीपासून दिलेला आहे, पण भावासाठी तो सोडून देणाऱ्या बहिणी त्या घरांतही आहेत.

म्हणजे कायद्यानं दिलं ते ओसरीवर परत घेतलं जातं. जबरदस्ती कुणी करत नाही, म्हणून ते अधिक अवघड आहे. बहीण सही करते ती माहेर तुटू नये म्हणून. वाटा मागितला तर पुढच्या वर्षी बोलावणं येईल का, आजारपणात भाऊ धावून येईल का, मुलीच्या लग्नात मामा उभा राहील का, ही तिची भीती. चौपदरी महामार्गामुळे आणि जळगाव पसरत चालल्यामुळे इथल्या शेताचा भाव कुठल्या कुठे गेला आहे. त्या किमतीच्या बदल्यात तिला साडी-चोळी आणि वर्षातून दोन दिवसांचं अगत्य मिळतं.

भावांची बाजू मला ठाऊक आहे आणि ती सगळीच पोकळ नाही. गावात राहिलेल्या भावानं आई-वडिलांना सांभाळलं, ही मोठी गोष्ट आहे. तिचा मोबदला त्याला आणि त्याच्या बायकोला मिळायलाच हवा, पण तो सगळ्या भावंडांनी मिळून उघडपणे ठरवावा, एकट्या बहिणीच्या वाट्यातून नको. लग्नात खर्च केला, हे कारण मला मान्य नाही, कारण खर्च मुलाच्याही लग्नात होतो आणि शिक्षणातही. जमिनीचे तुकडे पडतील, हीही सबब आहे. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लागलं म्हणून बांध पडत नाही. नाव लावून शेत एकत्र कसता येतं आणि उत्पन्न वाटून घेता येतं.

बाईच्या नावे जमीन लावणं या मातीला परकंही नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन भरलं. त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करून दिला. सरकारनं सांगितलं म्हणून नाही, शेतकरी नेते शरद जोशी यांनी हाक दिली आणि शेतकऱ्यांना ते पटलं म्हणून. बायकोसाठी जे साध्या शेतकऱ्यांनी केलं, ते बहिणीसाठी त्यांची शिकलेली मुलं का करू शकत नाहीत?

बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, म्हणजे आमच्या पंचक्रोशीतल्याच. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला गेल्या. अंतर काही किलोमीटरचं, पण माहेरच्या वाटेची त्यांची ओढ साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपानं आली, २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. माहेरचं गाणं आपण एवढं जपलं. त्या माहेरात लेकीची जागा कोणती, हे मात्र आपण अजून भावाच्या मर्जीवर सोडलं आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा डिसेंबरची तिकिटं काढून झालेली असतील. नशिराबादला या किंवा आणखी कुठे जा, बहिणीला दोन दिवसांसाठी नाही, आठवडाभरासाठी बोलवा. गावात राहणाऱ्या भावजयीला त्यातले चार दिवस तिच्या माहेरी पाठवा, तेवढे दिवस स्वयंपाक तुम्ही सांभाळा. सुनेच्या माहेरी मुक्कामाला जा. आणि वारसनोंदीला तलाठ्याकडे गेलात, तर अर्जात बहिणीचंही नाव लिहा. हक्कसोडपत्र तिच्यापुढे ठेवू नका.