एका खुराड्यात लहान-मोठ्या

लहान अंगाच्या बँटम कोंबड्या आणि मोठ्या कोंबड्या एकत्र ठेवाव्यात की वेगळ्या, असे विचारले की बहुतेक जण आधी वजनाचा हिशेब मांडतात. सेब्राइट जातीची बँटम जेमतेम 600 ग्रॅमची, सेरामा बहुधा अर्ध्या किलोच्याही आतली. आणि पूर्ण वाढीचा ब्रह्मा कोंबडा पाच किलोंच्या पुढचा. एवढी तफावत असताना एका खुराड्यात नांदणे कसे जमणार, तिथे बळी तो कान पिळी हेच चालणार, असे आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. कोंबड्यांच्या कळपात बळ वजनावरच ठरत नाही, आणि कोण कोणाचे कान पिळणार हे पुष्कळ अंशी पाळणाऱ्याने केलेल्या सोयीवर ठरते.

मुळात कोंबडीचे खरे माप कोणते? आपल्या पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. त्याचे वजन साधारण किलोभर, मादीचे त्याहूनही कमी. आपल्या सह्याद्रीत बांग देणारा राखी रानकोंबडा त्याचा भाऊबंद. पाळीव कोंबड्यांची पिवळी कातडी या राखी रानकोंबड्याकडून आली, असे 2008 साली जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले. हे दोघेही अंगाने बँटमच्या जवळचे आहेत. ब्रह्मा, कोचीन यांसारखे अवजड पक्षी माणसाने निवडून-निवडून घडवले, आणि युरोप-अमेरिकेत त्यांचे वेड पसरले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात. सेब्राइटही माणसानेच घडवली, हे खरे. पण लहान अंगाच्या कोंबडीला खुरटलेली, बिचारी समजण्याचे कारण नाही. ती उडते, चटकन सटकते, घारीची सावली पडली की झुडपाखाली शिरते. रानात जगण्याचे हे सगळे गुण अवजड कोंबडीत मंदावलेले असतात.

आता कळपाच्या आतले राजकारण पाहू. नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्यांवर नजर ठेवली आणि 1921 च्या सुमारास आपली निरीक्षणे मांडली. कोण कोणाला चोच मारते आणि कोण निमूट बाजूला होते, याची प्रत्येक कळपात ठरलेली उतरंड असते, हे त्यांनी दाखवले. ही उतरंड नेहमी सरळ नसते, हेही त्यांच्या लक्षात आले होते. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी पुन्हा पहिलीला, असे तिढे त्यांना आढळले. नुसत्या वजनावर सगळे ठरले असते तर असा तिढा पडलाच नसता. जागेची सवय, आधीच्या झटापटींचा निकाल, वय, स्वभाव, तुऱ्याची वाढ अशा कितीतरी गोष्टी त्यात येतात. म्हणूनच ब्रह्मासारखी थोराड कोंबडी एखाद्या तिखट बँटम मादीपुढून दाणे सोडून बाजूला होते, हे दृश्य पाळणाऱ्यांना नवे नाही.

पण वजनाला काहीच किंमत नाही असेही नाही, आणि माझ्या मते या प्रश्नाची खरी मेख इथेच आहे. लहान कळपात कोंबड्या एकमेकींना ओळखतात. कोण कशी आहे हे एकदा कळले की रोज भांडावे लागत नाही. कळप शेकड्यांत गेला की एवढी ओळख ठेवणे अवघड होते. मग समोरच्या अनोळखी कोंबडीचे अंग आणि तुरा पाहून लढायचे की हटायचे हे ठरते. म्हणजे ओळख असते तिथे स्वभावाला किंमत येते आणि गर्दी झाली की अंगाला. लहान कोंबडीचे हाल मोठ्या कोंबडीमुळे होतात असे आपण म्हणतो, तेव्हा कित्येकदा ते हाल गर्दीमुळे होत असतात, आणि गर्दी आपण केलेली असते. निसर्गाच्या नावाने बोट दाखवण्याआधी आपण जागा किती दिली, दर आठवड्याला नवे पक्षी आणून कळप किती ढवळला, हे प्रत्येकाने पाहावे.

सोय म्हणजे काही मोठे बांधकाम नव्हे. दाण्याचे भांडे एकच असेल तर त्यावर दोन थोराड कोंबड्या पहारा देतात. चार ठिकाणी, एकमेकांच्या नजरेआड भांडी ठेवली की पहारा मोडतो. बसायच्या दांड्या वेगवेगळ्या उंचीवर हव्यात. बँटम वर चढून बसते. अवजड कोंबडीला दांडी खालीच हवी, कारण उंचावरून रोज धपकन उतरल्याने तिच्या तळपायाला इजा होऊन पुढे गाठ होते. कोपऱ्यात कोंडी होणार नाही अशी पळवाट हवी. एखादे डालगे असे पालथे घालावे की त्याच्या फटीतून लहानच आत शिरेल. आणि संध्याकाळी बँटमच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी हाताने चाचपावी. पिशवी रिकामी लागली तर ती कोंबडी दिवसभर उपाशी आहे. रक्त निघाले तर आपल्याला दिसते, उपासमार दिसत नाही. एकत्र कळपातला मोठा धोका हाच आहे.

इतके करूनही काही ठिकाणी वेगळेच ठेवावे लागते, आणि तिथे मी जराही सवलत देणार नाही. चार-पाच किलोंचा कोंबडा अर्ध्या किलोच्या मादीवर चढला तर तिची पाठ सोलते, पायाच्या काट्याने कूस फाटू शकते. कितीही ओळख असली तरी हे टळत नाही. मोठा कोंबडा बँटम माद्यांत नको. उलट बँटम कोंबडा मोठ्या कोंबड्याशी भिडला की माघार घ्यायचे विसरतो, म्हणून दोघांना एका अंगणात सोडू नये. सिल्कीसारख्या डोळ्यांवर पिसे येणाऱ्या जातींना बाजूने आलेली चोच दिसत नाही. त्यांनाही शांत सोबत लागते. नवे पक्षी तर कोणत्याही मापाचे असोत, तीन-चार आठवडे लांब ठेवावेत. राणीखेत रोग आत शिरताना अंगाचे माप पाहत नाही.

आपल्याकडे बँटम पाळणारे हौशी थोडे. पण हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने महाराष्ट्रातल्या अनेक परसांत आहे. गावठी कोंबडी लहान, चपळ, वर्षाला जेमतेम पन्नास-साठ अंडी देणारी. तिच्या शेजारी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा आणि बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची गिरिराजा आली. वजनाला भारी, अंड्यांना बरी. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणून त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली उबवायला ठेवतात, आणि ती मोठ्या अंगाची परकी पिल्ले आपली म्हणून हिंडवते, मुंगूस दिसले की अंग फुलवून पुढे होते. या एकत्र राहण्यात दोघींचा फायदा आहे.

फक्त वीण सरमिसळ झाली की हा फायदा हळूहळू संपतो. परसात एकच वनराजा कोंबडा ठेवला तर काही पिढ्यांत अंगणभर मध्यम वजनाच्या कोंबड्या होतात, पण खुडूक होऊन एकवीस दिवस नेटाने बसणारी, पिल्लांसाठी जीव टाकणारी मादी सापडेनाशी होते. वनराजा स्वतःच संकराची असल्याने तिचे गुणही पुढे तसेच उतरत नाहीत. म्हणजे हातची गावठी जाते आणि सुधारितही राहत नाही. कोंबड्याचा संग सुटल्यावरही मादी दोन-तीन आठवडे फलित अंडी देते, त्यामुळे उबवणीची अंडी धरायच्या महिनाभर आधी गावठी माद्या आणि गावठी कोंबडा वेगळे काढायला हवेत. एरवी चाऱ्याला, उन्हाला, रात्रीच्या निवाऱ्याला गावठी आणि सुधारित कोंबड्या खुशाल एकत्र राहोत.

ज्यांच्या दारात अजून गावठी कोंबड्या आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: सुधारित पिल्ले जरूर आणा, पण एक चांगला गावठी कोंबडा विकू नका आणि विणीच्या काळात त्याच्यासाठी एक वेगळे खुराडे राखून ठेवा.