चूक परवडेल इतके पैसे

पेशी आपला आकार कसा सांभाळते, असा प्रश्न घेऊन एखादी भौतिकशास्त्रज्ञ आणि एखादा जीवशास्त्रज्ञ मिळून अनुदानासाठी अर्ज करतात, तेव्हा पुढे काय होतं हे या वाटेने गेलेल्या कुणालाही विचारा. भौतिकशास्त्राची समिती म्हणते, काम छान आहे, पण हे जीवशास्त्र झालं. जीवशास्त्राची समिती म्हणते, मोजमापं उत्तम, पण यात आमचा प्रश्न कुठे आहे? तिसरा परीक्षक सभ्य असतो. ‘प्रिलिमिनरी डेटा जोडलेला नाही’ एवढाच शेरा मारून तो मोकळा होतो. आता तो डेटा मिळवायलाच तर पैसे मागितलेले असतात!

हे नुसतं नाकारलेल्यांचं रडगाणं नाही. ऑस्ट्रेलियन रिसर्च कौन्सिलच्या एका योजनेकडे पाच वर्षांत आलेले १८,४७६ अर्ज लिंडेल ब्रोमहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. अर्जात एकत्र आणलेले विषय एकमेकांपासून जितके लांबचे, तितकी मंजुरीची शक्यता कमी, हा त्यांचा निष्कर्ष २०१६ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीचा दुसरा एक अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय विद्यापीठात १५० प्रस्ताव १४२ परीक्षकांना वाटून दिले होते. कल्पना फार नवी असली की परीक्षक गुण कमी देत, आणि प्रस्ताव स्वतःच्या अभ्यासविषयाच्या जवळचा असला तरीही कमीच देत. गंमत म्हणजे हे सगळे प्रस्ताव सीड ग्रँटसाठीच होते. म्हणजे नव्या कल्पनेला पहिला हात द्यायला म्हणून बाजूला काढलेला पैसाही नव्या कल्पनेपाशी येऊन बिचकतो.

आपल्याकडे अशी चर्चा निघाली की कुणीतरी ०.६४ टक्क्यांचा आकडा काढतंच. भारत संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एवढाच हिस्सा खर्च करतो, हे खरं आणि लाजिरवाणंही. पण उद्या हा आकडा दुप्पट झाला, तरी वरचा अर्ज त्याच तीन टेबलांवर फिरून परत येईल. तज्ज्ञांकडून परीक्षण करून घ्यायचं, तर त्या विषयाचे तज्ज्ञ असावे लागतात. दोन शास्त्रांच्या मधल्या जागेत अजून कुणी तज्ज्ञ झालेलाच नसतो. तो व्हावा म्हणून तर पैसे द्यायचे असतात.

या मधल्या जागेत काम कसं सुरू होतं, हे १९३४ सालच्या एका प्रसंगात नेमकं दिसतं. स्वीडनमध्ये उप्सालाला स्वेडबर्गच्या प्रयोगशाळेत जॉन फिलपॉटने पेप्सिन फ्रिजमध्ये ठेवलं आणि तो सुट्टी काढून स्कीइंगला गेला. परतला तेव्हा नळीत दोन-दोन मिलिमीटरचे स्फटिक वाढलेले. ग्लेन मिलिकन तिथे पाहुणा होता. त्याने एक नळी कोटाच्या खिशात घालून केंब्रिजला बर्नालकडे आणली. बर्नाल भौतिकशास्त्रज्ञ. त्याने एक स्फटिक काढून क्ष-किरणांत धरला, तर फिल्मवर नुसता काळसर डाग उमटला. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्याच्या लक्षात आलं, की स्फटिक द्रवातून बाहेर काढला की वाळतो आणि त्याची आतली शिस्त मोडते. स्फटिक त्याच द्रवासकट बारीक काचेच्या नळीत बंद करून पुन्हा फोटो घेतला, तेव्हा ठिपक्यांच्या रांगाच्या रांगा दिसल्या. प्रथिनाला ठरावीक घडण असते, हेच तेव्हा अनेक रसायनशास्त्रज्ञांना मान्य नव्हतं. ‘स्फटिक ओला ठेवून पाहू’ हा प्रस्ताव त्यांच्यापैकी कुणाकडे परीक्षणाला गेला असता, तर त्याने प्रामाणिकपणे नकारच दिला असता.

बर्नालच्या प्रयोगशाळेत पुढे व्हिएन्नाहून आलेला मॅक्स पेरुट्झ हिमोग्लोबिनच्या मागे लागला. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि घरून येणारे पैसे बंद झाले. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे नुकतेच प्रमुख झालेले लॉरेन्स ब्रॅग यांना त्याने आपले फोटो दाखवले. ब्रॅगनी रॉकफेलर फाउंडेशनकडे शब्द टाकला आणि १ जानेवारी १९३९ पासून पेरुट्झला वर्षाला २७५ पौंड मिळू लागले. हिमोग्लोबिनच्या रेणूत अणू हजारो, आणि फोटोतल्या ठिपक्यांवरून एवढ्या मोठ्या रेणूची रचना काढायची रीतच कुणाला माहीत नव्हती. ती पेरुट्झला सापडली १९५३ साली, आणि हिमोग्लोबिनची रचना हाती आली १९५९ साली.

पैसे देणाऱ्या बाजूला वॉरन वीव्हर होते. मूळचे गणितज्ञ. १९३२ साली रॉकफेलरचा नैसर्गिक विज्ञानाचा विभाग त्यांच्याकडे आला आणि भौतिकशास्त्राची हत्यारं जीवशास्त्राच्या हाती द्यायची, हे धोरण त्यांनी हट्टाने चालवलं. ‘रेणवीय जीवशास्त्र’ हे नावही त्यांनीच १९३८ च्या अहवालात वापरलं, तेव्हा त्या नावाचा एकही विभाग कुठल्या विद्यापीठात नव्हता. वीव्हर प्रयोगशाळांत जाऊन बसत, माणसांशी बोलत, रोजनिशी लिहीत. लीड्समध्ये लोकरीच्या धाग्यांवर क्ष-किरण टाकणारा ॲस्टबरी त्यांना पैसे देण्याजोगा वाटला, तो अर्जातल्या गुणांच्या बेरजेवरून खासच नाही.

दुसरा माणूस एडवर्ड मेलनबी, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचे सचिव. १९४७ साली पेरुट्झ आणि त्याचा सहकारी केंड्रू, दोघेही शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्राच्या इमारतीत बसून जीवशास्त्राचा प्रश्न सोडवत होते आणि विद्यापीठातला एकही विभाग त्यांना आपलं म्हणायला तयार नव्हता. ब्रॅगनी जेवणाच्या टेबलावर मेलनबींना साफ सांगितलं, असं पेरुट्झनेच पुढे नोंदवलं आहे: हा खजिन्याचा शोध आहे, सापडेलच असं नाही, आणि सापडला तरी औषधोपचाराला त्याचा उपयोग व्हायला फार काळ जाईल. आज अनुदानाच्या अर्जात असं वाक्य लिहिण्याची कुणाची छाती होईल? मेलनबींनी पैसे दिले. त्या छोट्या युनिटात १९४९ साली क्रिक आला आणि १९५१ साली वॉटसन. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्याकडेही असं घडलेलं आहे. मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी १९५२ साली रामन यांच्या शिफारशीवरून जेमतेम तिशीच्या जी. एन. रामचंद्रन यांच्या हाती भौतिकशास्त्र विभाग सोपवला. भेटीला आलेल्या बर्नालने सुचवलं, कोलॅजनचं कोडं अजून कुणी सोडवलेलं नाही. रामचंद्रन यांनी जवळच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडे चौकशी केली, आणि शेवटी कामाला आलं ते कांगारूच्या शेपटीतलं कोलॅजन. कातड्याची संस्था, भौतिकशास्त्राचा विभाग आणि ऑस्ट्रेलियातलं जनावर! १९५४ साली गोपीनाथ कार्थांबरोबर त्यांनी कोलॅजनची तिपेडी रचना मांडली, आणि १९६३ साली त्यांच्या गटाने दिलेला आलेख आजही जगात कुठेही प्रथिनाची रचना तपासताना काढला जातो.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तर भौतिकशास्त्रज्ञ आणि गणितज्ञांचंच राज्य. होमी भाभांनी १९६२ साली तिथे ओबेद सिद्दीकी यांना बोलावून रेणवीय जीवशास्त्राचं युनिट काढायला सांगितलं. शिफारस लिओ झिलार्डची, तोही भौतिकशास्त्रातून जीवशास्त्रात गेलेला. कुलाब्याच्या त्या संस्थेत फळमाशीला वास आणि चव कशी कळते, याचा अभ्यास पुढे सुरू झाला. केनियात गोवेकर कुटुंबात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज तिथेच सिद्दीकींच्या विद्यार्थिनी झाल्या.

या सगळ्या गोष्टींत पैसे देणारा एक माणूस आहे, त्याला नाव आहे, आणि निर्णय चुकला असता तर तो त्याच्या नावावर जमा झाला असता. समितीत तसं होत नाही. तिथे सरासरी निघते. एका परीक्षकाने दहापैकी दहा आणि दुसऱ्याने तीन दिले, तर साडेसहा. दोघांनी सात-सात दिलेला बिनधोक अर्ज त्याच्या पुढे जातो. मोठ्या प्रकल्पाला हे ठीकच, कोट्यवधी रुपयांचं यंत्र घ्यायचं तर सगळ्यांना पटलेलंच बरं. पण सुरुवातीच्या पैशासाठी मी उलट करीन. दहा देणाऱ्याला बोलावून विचारीन, यावर तुमचं नाव घालायला तयार आहात का? हो म्हणाला तर अर्ज मंजूर, आणि त्याचं नाव यादीत छापायचं.

यावर पहिला आक्षेप कोणता येणार, हे मराठी वाचकाला सांगायला नको. एका माणसाच्या पसंतीवर सोडलं की वशिला आलाच. आपला विद्यार्थी, आपल्या गुरुजींचा जावई. आक्षेप अगदी रास्त आहे, आणि मुदलियार-भाभांच्या गोष्टी सांगताना आपण त्यांच्याच काळातल्या वशिल्याच्या नेमणुका सोयीने विसरतो. म्हणून तर रक्कम लहान हवी. वीसएक लाख, दोन वर्षं, आणि निवडणारा दरवर्षी वेगळा. सीड ग्रँटच्या लहानपणाकडे आपण गरिबी म्हणून पाहतो, पण तिचं बळ त्यातच आहे. वर्षाला २७५ पौंड बुडाले असते तर रॉकफेलरचं काय बिघडणार होतं? चूक परवडणारी असली की माणूस आपली पारख वापरायला धजतो.

रक्कम लहान असली, तरी ती कशावर खर्च करायची हे मोकळं हवं, आणि इथे आपला घोळ होतो. बजेटच्या हेडमध्ये यंत्र, रसायनं, मनुष्यबळ, प्रवास असे रकाने आखलेले. पहिलं वर्ष प्रत्यक्षात जातं कशात? लेझरचं टेबल हवेच्या उशीवर तोललेलं, खोली गार. पेशींना हवेत ३७ अंश आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. उष्णतेने आरसे किंचित सरकतात, पंख्याने टेबल थरथरतं, आणि प्रथिनाचा जोर मोजायचा असतो काही पिकोन्यूटनांत. याच मुंबईत रूप मल्लिक यांच्यासारखा भौतिकशास्त्रात पीएचडी केलेला माणूस प्रकाशाच्या चिमट्याने पेशीतल्या वाहक प्रथिनांची ओढ मोजतो, तेव्हा त्यामागे ही अशी न मोजता येणारी खटपट असते. तिच्यासाठी हेड नाही. यंत्र कोणत्या विभागाच्या स्टॉक रजिस्टरला चढवायचं, यावरही महिना जातो. तोवर ३१ मार्च येतो आणि उपयोगिता प्रमाणपत्राची घाई सुरू होते.

ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमने यातली एक अडचण तरी मोडून काढली. १९८९ पासून स्ट्रासबर्गहून चालणारी ही संस्था वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या विषयांतल्या माणसांना एकत्र पैसे देते, आणि प्रिलिमिनरी डेटाची अट घालत नाही. भारत २००६ पासून तिचा सदस्य आहे. आपल्या योजनांनी एवढी एक अट उचलून टाकली, तरी फरक पडेल.

मात्र दोन वर्षांनंतरचं कोडं त्याने सुटत नाही. दोन्ही शास्त्रांच्या भाषा शिकलेली मुलगी तोवर तयार झालेली असते आणि नोकरीच्या जाहिरातीत ‘संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी’ हे शब्द तिची वाट अडवतात. पेरुट्झला युद्ध, नजरकैद आणि कॅनडातली छावणी हे सगळं मध्ये येऊनही आधी रॉकफेलरची थैली मिळाली, १९४७ साली कौन्सिलची, आणि १९६२ साली स्वतंत्र इमारत. कुलाब्याच्या युनिटातूनही तीस वर्षांनी बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभं राहिलं, कारण मधल्या काळात संस्थेने हात काढून घेतला नाही. आज निघणाऱ्या सीड ग्रँटच्या जाहिरातीत रक्कम आणि मुदत ठळक अक्षरांत असते. तिसऱ्या वर्षी कुणाचं दार ठोठवायचं, ते मात्र त्या जाहिरातीत शोधूनही सापडत नाही.