मुका मासा आणि आपण



प्रायश्चित्त काळातील शुक्रवारी आपण मांस वर्ज्य करतो. मासे मात्र चालतात. मासा थंड रक्ताचा, मुका. त्याला कसले आले दुःख, असे आपण मनात धरून चालतो. भीमेकाठच्या आपल्या मंगळवेढे तालुक्यात नदीचे, उजनीचे मासे बाजारात येतात. पाटीत तडफडणारा मासा पाहून आपण एवढेच म्हणतो, 'ताजा आहे!' त्या तडफडण्याविषयी विज्ञान आज काय सांगते आणि ख्रिस्ती माणसाने त्यातून काय घ्यावे, याचा थोडा विचार करू या.

मेंदूतील पेशी एकमेकींना रसायनांच्या द्वारे निरोप पाठवतात. तो निरोप स्वीकारणाऱ्या प्रथिनाला 'ग्राही' म्हणतात. रसायन ही किल्ली, तर ग्राही हे कुलूप; आणि ते कुलूप कसे घडवायचे, हे जनुकात लिहिलेले असते. झेब्रा मासा हा आपल्या देशातील ओढ्यांत आढळणारा जेमतेम दीड इंचाचा पट्टेरी मासा. त्याचा संपूर्ण जनुकसंच २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोड सापडली. वेदना शमवणारे मॉर्फिन माणसाच्या मेंदूत ज्या ग्राहींवर काम करते, त्याच जातीचे ग्राही त्या माशातही आहेत.

फरकही आहेत. पुण्याच्या आयसर संस्थेतील निशिकांत सुभेदार, अर्णब घोष व सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले की, भूक आणि तृप्ती यांच्याशी निगडित 'कार्ट' या मेंदूतील निरोप्याची झेब्रा माशात चार जनुके आहेत; माणसात एकच आहे. मासा उपाशी राहिला की त्यांतील काहींचे काम बदलते.

लिन स्नेडन या शास्त्रज्ञ बाईंनी २००३ साली ट्राउट माशांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ओठात आम्ल टोचल्यावर मासे खाईनासे झाले व ओठ खड्यांवर घासू लागले. मॉर्फिन दिल्यावर ते घासणे कमी झाले. अर्थात, जनुके सारखी म्हणून अनुभवही सारखाच, असे म्हणता येत नाही. माशाच्या मेंदूला आपल्यासारखे बाह्यक नाही आणि जाणकारांत याविषयी मतभेद आहेत. पण 'त्याला काहीच कळत नाही' असे छातीठोकपणे म्हणणे आता कठीण झाले आहे.

मग माणसाचे मोठेपण कुठे राहिले? पोप पायस बारावे यांनी १९५० साली शिकवले की, मानवी शरीराच्या उगमाचा शोध घेण्यास विज्ञानाला मनाई नाही. आत्मा मात्र थेट परमेश्वर निर्माण करतो. उत्पत्तीच्या पुस्तकातही माणूस मातीचाच घडला आहे. माती वेगळी असल्याचा दावा आपण कधी केलाच नव्हता. आपले वेगळेपण यात आहे की, माशाच्या दुःखाचा विचार आपण करू शकतो. परमेश्वराने दिलेला अधिकार म्हणूनच हिशेब देण्याचाही आहे.

मासे खाणे पाप नाही. पुनरुत्थित प्रभूने स्वतः किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासे भाजून शिष्यांना जेवू घातले. मात्र प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. जिवंत माशाचे खवले काढणे किंवा नदीत विष कालवून मासे मारणे, ही त्याच विनाकारण यातनेची उदाहरणे आहेत.

आणखी एक गोष्ट. माशाचे दुःख मानायला आपल्याला जनुकांचा पुरावा लागला, कारण तो ओरडत नाही. आपल्या घरांतही न ओरडणारी माणसे असतात: अर्धांगाने वाचा गेलेले आजोबा, बोलता न येणारे लेकरू, मुकाट्याने सोसणारी सून. त्यांच्याकरिता आपण कोणत्या पुराव्याची वाट पाहतो?

येत्या शुक्रवारी ताटात मासा असेल, तर तो आधी एका घावात मारून घ्यावा, साधेपणाने खावा आणि जेवणानंतर घरातल्या त्या मुक्या माणसाजवळ थोडा वेळ बसावे. त्या दिवसाचे आपले प्रायश्चित्त तेवढ्याने पुरे होईल.