भिजलेलं हँडल

प्रिय भाचीस,


परवा रात्री भर पावसात, लेकीला कडेवर घेऊन तू गाडीच्या दाराशी उभी होतीस आणि हँडलचं बटण दाबून दार उघडेना, हे ताईनं फोनवर सांगितलं तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. म्हणून दुरुस्तीआधी एक सांगतो. तुझ्या किल्लीच्या पोटात एक साधी, पातळ धातूची किल्ली असते. खिट्टी सरकवली की बाहेर येते. तिचं भोक ड्रायव्हरच्या हँडलपाशी असतं, कधी छोट्या टोपणाखाली. आणि किल्लीतला सेल पार मेला असला, तरी बहुतेक गाड्यांत ती अख्खी किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवली की गाडी सुरू होते. त्यासाठीच्या चिपला सेल लागत नाही, गाडीकडूनच पुरेशी वीज मिळते. उद्या उजेडात दोन्ही करून बघ.

आता दाराचं. सर्व्हिस सेंटरनं नवी किल्ली घ्यायला सांगितलंय म्हणे. इतक्यात घेऊ नकोस. किल्लीवरच्या बटणानं दार दरवेळी उघडतं, हँडलच्या बटणानं मात्र कधी उघडतं, कधी नाही, असं तूच म्हणालीस. या दोन वाटा वेगळ्या आहेत. किल्लीवरचं बटण दाबलं की किल्ली बोलते, गाडी ऐकते. हँडलचं दाबलं की आधी गाडी हाक मारते. ही हाक साधारण १२५ किलोहर्ट्‌झची, जेमतेम मीटरभर पोचणारी. पर्समधली किल्ली ती ऐकते आणि मग ओ देते, आपल्याकडे बहुधा ४३३ मेगाहर्ट्‌झवर. ओ देणं तुझ्या गाडीत ठीक आहे. म्हणजे दोष बटणात, हाकेत किंवा किल्लीच्या ऐकण्यात.

पलीकडच्या दाराला बटण असेल तर ते दहा वेळा दाबून बघ. दहाही वेळा चाललं, तर किल्लीवर एक रुपयाही घालवू नकोस, दोष तुझ्या बाजूच्या दारात आहे. दोन्ही दारं रुसली, तर नेहमीची किल्ली घरात लांब ठेवून जोडीची दुसरी वापरून बघ. पर्समध्ये मोबाइल किल्लीला चिकटून असतो का, तेही बघ. त्यानं हाक बुडते.

सेल मीटरवर मोजत बसू नकोस. थकलेला सेलही नुसता ठेवला तर ३ व्होल्ट दाखवतो आणि काम पडलं की बसतो. सरळ नवा घाल, पण नंबर बघून. २०३२ आणि २०२५ दोन्ही २० मिलिमीटर रुंद, पण पहिला ३.२ मिलिमीटर जाड, दुसरा २.५. जाडाच्या जागी पातळ घातला तर तो आत सैल बसतो आणि मग कधी चालतं, कधी नाही. जुना सेल मात्र ताबडतोब चिकटपट्टीत गुंडाळून लेकीच्या हाताबाहेर ठेव. पोटात गेला तर अन्ननलिका जाळतो, जिवावर बेततं.

माझा संशय पावसावर आहे. हँडलच्या रबरी बटणाखाली ओल शिरते, कॉन्टॅक्टवर हिरवा गंज चढतो. सकाळी अडणारं दार दुपारी उन्हात नीट चालतं. दुसरी जागा म्हणजे दार आणि गाडीचा खांब यांच्यामधली वायरींची रबरी नळी. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एक गाडी आली होती, मालकानं दोनदा किल्ली बदललेली. मी ती नळी हळूहळू वाकवत राहिलो, दुकानातला पोरगा बटण दाबत स्कॅनरकडे बघत होता. एका ठरावीक वाकणावर बटणाची नोंद यायची बंद. नळी मागे सारली, तर एका वायरचं कव्हर धड आणि आतलं तांबं तुटलेलं. दार हजारो वेळा उघडमीट झालं की वायर अशी आतल्या आत तुटते. वीतभर वायर जोडून, सोल्डर करून काम झालं. त्या माणसाचे दोन किल्ल्यांचे पैसे आठवले की अजून वाईट वाटतं.

तेव्हा एक छोटी वही गाडीत ठेव. दार अडलं की तारीख, वेळ, पाऊस होता का, कोणतं दार, मोबाइल कुठे होता, एवढं लिही. पंधरा दिवसांत त्यातून काहीतरी दिसेलच. गणपतीला येईन तेव्हा मीटर आणि सोल्डरिंग आयर्न घेऊन येतो. तोवर हँडल कुणाला खोलू देऊ नकोस.

लेकीला पापा.

तुझा मामा